परतीची वाट शाबूत ठेवून : सोलापुरातल्या एका विडी कामगार महिलेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. ज्या बाईंविषयी लिहितो आहोत त्यांना वस्तीत सगळे अक्का म्हणतात. आम्हीही तेच म्हणत आलो, म्हणून इथेही तेच नाव.

पूर्व भागात घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी बोलली जाते. हातमाग, गिरणी, यंत्रमाग अशा क्रमाने इथल्या घरांनी पोट भरलं. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, पुढे बाकीच्या गिरण्याही गेल्या. पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीवर ही घराघरातली वाटणी मात्र टिकली. अक्कांची आई विड्या वळायची, सासूही वळायची. अक्का वयाच्या दहा-अकराव्या वर्षापासून सुपाशी बसल्या. लग्नानंतर त्यांच्या स्वतःच्या नावावर विडी कामगाराचं कार्ड झालं.

विडीचं काम बाहेरून सोपं दिसतं. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून ब्रँचवर, म्हणजे विडी कंपनीच्या वस्तीजवळच्या शाखेत, न्यायच्या. तिथे तपासणी होते, नापास झालेल्या विड्या बाजूला पडतात, उरलेल्यांची नोंद कार्डावर होते आणि दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू हातात पडतं. हिशोब हजारावर. हजार विड्या वळायला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ जातो, तोही मध्ये स्वयंपाक, पाणी, धुणं उरकत.

या कामाला कायद्याचं थोडं छत्र आहे, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं ठरलं. विडी कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ चा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली; कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. कार्ड असलेल्या बाईला भविष्य निर्वाह निधी मिळतो, कामगार कल्याण विभागाचा दवाखाना मिळतो, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. घरात बसून काम करणाऱ्या फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला एवढं येतं.

पण काम आटत चाललं आहे. अक्कांच्या ब्रँचवर पूर्वी आठवडाभर पान मिळायचं, आता कधी चार दिवस, कधी तीन. याच शहरात शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा मात्र वाढला. सोलापूरचे गणवेश देशभर जातात आणि हंगामात कारखानदार मशीनवर बसणाऱ्या हातांच्या शोधात असतात. एका बाजूला काम कमी झालेल्या बायका, दुसऱ्या बाजूला माणसं शोधणारे मालक, दोघांमध्ये काही किलोमीटरचं अंतर. तरीही हे दोघं एकमेकांना भेटत नव्हते.

आमचं केंद्र म्हणजे एका छोट्या सेवाभावी संस्थेचं रोजगार मार्गदर्शनाचं टेबल. इथे येणं पूर्णपणे ऐच्छिक आहे. कुणी पाठवत नाही, आलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, फी नाही. येणारे बहुतेक विशीतले, बारावी किंवा आयटीआय झालेले. विडी करणाऱ्या घरांतूनही मुलं-मुली येत. त्यांच्या आया फाईल छातीशी धरून दाराशी उभ्या राहत. अक्काही तशाच आल्या होत्या, कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या मुलीच्या अर्जासाठी. मुलीचं काम झाल्यावर त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वयाच्यांना काय असतंय का? असलं तर सांगा. नसलं तर राहू द्या."

अडचण काय होती

अक्कांना काम बदलायचं होतं का? त्यांनी तसं कधीच म्हटलं नाही. त्यांना शिवण शिकायचं होतं आणि जमलं तर हंगामात कारखान्यात जायचं होतं. आमच्या नोंदवहीत "नोकरी हवी" आणि "प्रशिक्षण हवं" असे दोन रकाने होते. "करून बघायचंय" असा रकाना नव्हता.

पहिली अडचण वयाची. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी होती. ज्यांच्याकडे दाखला नव्हता अशा हजारो जणांची तीच आहे. त्या तारखेने अक्का सेहेचाळीस वर्षांच्या ठरत होत्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाला १५ ते ४५ ही अट आहे. निरक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच असलेल्या जन शिक्षण संस्थानालाही वयाची तीच चौकट. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वयोमर्यादा ३५, शिवाय किमान बारावी पास. अक्का चौथी शिकलेल्या, त्याही तेलुगू माध्यमातून. एकेका योजनेकडे पाहिलं तर प्रत्येक अट समजण्यासारखी आहे. तरुणांसाठीची योजना तरुणांसाठी असणारच. पण सगळ्या योजना शेजारीशेजारी मांडल्या की पंचेचाळिशीनंतरच्या शहरी बाईसाठी नवं काही शिकण्याची जागाच उरत नाही. आणि तिच्यापुढे अजून पंधरा-वीस वर्षांचं काम आहे.

महाराष्ट्राला याच्या उलट रचनाही माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली रोजगार हमी "मागेल त्याला काम" एवढ्याच तत्त्वावर चालली. अंगमेहनतीची तयारी असलेला प्रौढ माणूस, एवढीच तिची खरी अट. मागणाऱ्याच्या मागणीला तिथे वजन होतं. ती मुख्यतः ग्रामीण भागासाठी होती, सोलापूरसारख्या मोठ्या शहराला ते तत्त्व कधी लागू झालं नाही.

दुसरी अडचण कागदांची. नोंदणीचा ओटीपी ज्या क्रमांकावर जायचा तो मोबाईल क्रमांक कधीच बंद झालेला. आधारवरचं नाव आणि भविष्य निर्वाह निधीतलं नाव यांत एका अक्षराचा फरक.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती आणि ती आम्हाला दिसायला वेळ लागला. आम्ही धरून चाललो होतो की प्रशिक्षण फुकट आहे म्हणजे त्याची किंमत शून्य. अक्कांच्या हिशोबात किंमत अशी होती : अर्धा दिवस गेला की पाचशे विड्यांची मजुरी गेली. सलग काही दिवस माल दिला नाही तर ब्रँचवाला पान बंद करेल. पान बंद म्हणजे कार्डावरची हजेरी बंद, आणि हजेरी नाही म्हणजे मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडकणार. वीसेक वर्षांचा भविष्य निर्वाह निधी बुडेल अशीही भीती त्यांना होती. ती भीती चुकीची होती, पण त्यांच्या निर्णयात तिचं वजन खऱ्या गोष्टीइतकंच होतं.

"जमलं नाही तर परत कुठं बसू?" हा त्यांचा प्रश्न होता. पुढचं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरलं.

समोर असलेले मार्ग

वयाचा दाखला दुरुस्त करणं हा पहिला विचार. अक्का ज्या शाळेत शिकल्या तिच्या जनरल रजिस्टरात नोंद असणार, त्यावरून उतारा काढायचा आणि आधारवरची तारीख बदलून घ्यायची. शाळेत चौकशी केली तर नोंद सापडली, आणि तिच्यावरून अक्का चव्वेचाळीसच्या निघाल्या. म्हणजे चौकटीत बसत होत्या. आम्ही खूश झालो. पण निधीच्या नोंदीत आधारची जुनी तारीख होती. आधार बदललं की तिथेही दुरुस्ती आली, मालकाच्या सहीचा संयुक्त अर्ज आला, आणि निवृत्तिवेतनाची वेळ दोन वर्षं पुढे सरकली, कारण ते अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मिळतं. एका प्रशिक्षणासाठी दोन वर्षांचं पेन्शन लांबवायचं का? आम्ही दोन्ही बाजू त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तारीख राहू द्या तशीच. कागदाला हात लावला की कागद भांडायला लागतो." खरं वय कागदावर यावं असं आम्हाला वाटत होतं. तरी निर्णय त्यांचा होता, आणि त्यांच्या माहितीत तो शहाणपणाचा होता.

दुसरा मार्ग आधीच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याचा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतच त्यासाठी ५९ वर्षांपर्यंतची मुभा आहे. पण तिथे येत असलेल्या कामाची परीक्षा होते, नवं काम शिकवलं जात नाही. अक्कांना येत होती ती विडी.

तिसरा मार्ग पीएम विश्वकर्मा योजनेचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत शिंपीकाम आहे. वयाची वरची मर्यादा नाही, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. वस्तीत दोघी-तिघी म्हणत होत्या, टाका की शिंपी म्हणून नाव. ही योजना आधीपासून तो व्यवसाय स्वतंत्रपणे करणाऱ्यांसाठी आहे. अक्का शिंपी नव्हत्या. खोटं लिहायचं नाही, यावर आमचं आणि त्यांचं लगेच एकमत झालं.

चौथा मार्ग बचत गटातून कर्ज काढून घरी मशीन घेण्याचा. यावर आमच्यातल्या एका कार्यकर्तीचा फार विश्वास होता. अक्कांनी एका वाक्यात निकाल लावला : "आमच्या गल्लीत चौघी ब्लाऊज शिवतात, पाचवी मी झाले तर चौघींचंही कमी होईल." बाजाराचा असा अंदाज आमच्या कुठल्याही अहवालात नव्हता.

शेवटचा मार्ग थेट कारखान्यात बसून शिकण्याचा. योजना नाही, प्रमाणपत्र नाही, वयाची अट नाही. गणवेशाच्या एका मध्यम कारखान्याच्या मालकीणबाई ओळखीच्या होत्या. हंगामाआधी चार-पाच बायका तयार करून मिळाल्या तर त्यांना हव्याच होत्या. पण त्यांचं म्हणणं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पूर्णवेळ, पहिला महिना बिनपगारी. शिकणाऱ्याला पगार कोण देतं, हा त्यांचा साधा सवाल.

काय केलं

अक्कांच्या "परत कुठं बसू" या प्रश्नाला आधी उत्तर द्यायचं, मशीन नंतर, असं ठरवलं. त्यामुळे पहिली भेट कारखान्याऐवजी विडीच्या ब्रँचवर झाली. तिथल्या मुनिमांशी अक्का स्वतः बोलल्या, आम्ही फक्त शेजारी उभे राहिलो. शिकण्याच्या काळात रोज हजाराऐवजी पाचशेचं पान द्या, कार्ड चालू ठेवा, एवढीच मागणी. आम्हाला नकाराची अपेक्षा होती. मुनीम लगेच तयार झाले, कारण त्यांच्याकडेच सगळ्यांना पुरेल इतकं पान येत नव्हतं. एखादीने आपणहून कमी मागितलं तर त्यांचीही ओढाताण कमी होणार होती. ही साधी गोष्ट विचारल्याशिवाय कळली नसती.

मग निधीचा हिशोब. अक्कांचं पासबुक ऑनलाईन उघडून दाखवलं. काम सोडलं तरी जमा रक्कम कुठे जात नाही, दहा वर्षांची सेवा झालेली असेल तर निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो, नवा मालक नोंदणीकृत असेल तर खातं तिकडे जोडता येतं, हे आकडे दाखवत समजावलं. शिष्यवृत्तीचं मात्र खरं होतं. तिच्यासाठी कार्ड चालू ठेवणंच बरं. मुलीची पदवी होईपर्यंत विडी पूर्ण सोडायची नाही, हे तिथेच ठरलं.

कारखान्याच्या मालकीणबाईंशी बोलणी जास्त लांबली. आमची मागणी होती दुपारी दोन ते सहा, सहा आठवडे. त्यांना अर्ध्या दिवसाची शिकाऊ म्हणजे मशीन अडकवून ठेवणं वाटत होतं. शेवटी दोन गोष्टींवर गाडी पुढे सरकली. एक, शिकण्याच्या काळातली अर्ध्या दिवसाची भरपाई संस्थेच्या देणगीतून द्यायची, आणि ती रक्कम पाचशे विड्यांच्या मजुरीइतकीच. कमी दिली तर बाई येणार नाही, जास्त दिली तर पैशासाठी येईल. दोन, एका मशीनवर दुपारच्या पाळीत फक्त शिकणाऱ्याच बसतील, म्हणजे चालू काम अडणार नाही. रिक्षाभाडं आठवड्याच्या सुरुवातीलाच हातात द्यायचं हेही ठरलं. महिन्याच्या शेवटी बिलं दाखवून परत मिळणाऱ्या भाड्याचा रोज पदरचे पैसे काढणाऱ्या बाईला काय उपयोग?

अक्का एकट्या जायला तयार नव्हत्या. कारखान्यातला मास्टर पुरुष, आजूबाजूच्या मुली निम्म्या वयाच्या. मुलगा म्हणाला, आई या वयात कारखान्यात जाणार, लोक काय म्हणतील. सोबतीला कोण येईल हे आम्ही यादीतून शोधू लागलो, तोपर्यंत अक्कांनी ब्रँचवर माल द्यायच्या रांगेतच तिघींना तयार केलं होतं. आमच्या टेबलावर वर्षानुवर्षं न आलेल्या बायका त्या रांगेत रोज उभ्या होत्या. त्यानंतर आम्ही आठवड्यातून दोनदा माल देण्याच्या वेळी ब्रँचच्या समोर, रसवंतीच्या सावलीत बसायला लागलो. पहिल्या भेटीत अर्ज नाही, आधार नाही, फोन क्रमांक नाही, फक्त बोलणं. नोंद करायची ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तीही त्या बाईने हो म्हटलं तर.

सुरुवातीलाच चौघींना एक कागद मराठीत वाचून दाखवला आणि तेलुगूत समजावला. त्यात लिहिलं होतं की कुठल्याही दिवशी कारण न सांगता थांबता येईल, दिलेले पैसे परत मागितले जाणार नाहीत, आणि पुन्हा यायचं असेल तर पुन्हा जागा मिळेल. संस्थेच्या विश्वस्तांपैकी एकांना हे पटत नव्हतं. एवढी मोकळीक दिली तर कोण टिकेल, असं त्यांचं म्हणणं. आमचा आग्रह असा की बाहेर पडायची मुभा असल्याशिवाय आत येणं ऐच्छिक म्हणता येत नाही. पुढे चौघींपैकी एक दुसऱ्या आठवड्यात थांबली, तिला कापडाच्या बारीक तंतूंनी खोकला येत होता. बाकीच्या तिघी टिकल्या.

सुई

तिसऱ्या आठवड्यात मास्टरनी सांगितलं की अक्कांचा हात बसत नाही. सरळ शिलाई वाकडी जाते, खिशाची कडा सुटते. त्यांना धागे कापायला आणि पॅकिंगला बसवू, असं ते म्हणाले. हेतू चांगला होता, पण मजुरीच्या दृष्टीने ती खालची पायरी.

त्या दुपारी आमची कार्यकर्ती तिथे बसली होती. तिने पाहिलं की धागा तुटला की अक्का शेजारच्या मुलीकडे बघतात, आणि मुलगी न बोलता हात लांब करून सुई ओवून देते. एकदा मुलगी जागेवर नव्हती. अक्कांनी मान मागे नेली, डोळे बारीक केले, धाग्याचं टोक ओठांत ओलं केलं, दोनदा सुईच्या बाजूने नेलं आणि मग हात मांडीवर ठेवून मुलगी यायची वाट बघत बसल्या.

विडी वळताना नजर लागत नाही. पानाची शीर, तंबाखूची भर, तोंडाची दुमड, सगळं बोटं पाहतात. अक्का बोलता बोलता, भांडता भांडता, टीव्हीकडे बघत विड्या वळू शकत होत्या. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं, ते त्यांच्या लक्षात आलंच नव्हतं, कारण त्यांच्या कामाने ते कधी विचारलं नव्हतं. नेत्रतपासणीत जवळचा चष्मा निघाला, पावणेदोनचा. एका संध्याकाळचं काम, थोडक्या पैशांचं.

चष्म्याचा कामावर किती परिणाम होतो हे आसामातल्या चहामळ्यांवर शास्त्रीय पद्धतीने तपासलं गेलं आहे. चाळिशी उलटलेल्या पानतोड कामगारांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची उत्पादकता चष्मा न मिळालेल्या गटापेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं. शिलाईत तर बारीक नजरेचं काम त्याहून जास्त. तरीही आमच्या माहितीतल्या एकाही प्रशिक्षण केंद्रात प्रवेशाच्या वेळी डोळे तपासत नाहीत. तिथे येणारे विशीतले असतात, त्यांना गरज पडत नाही. व्यवस्था कुणाला डोळ्यांपुढे ठेवून उभी केली आहे, हे अशा छोट्या गोष्टींत उघड होतं.

चष्मा लावून मशीनवर बसल्यावर चार दिवसांत शिलाई सरळ झाली. पॅकिंगचा विषय मास्टरनीच सोडून दिला.

निष्पत्ती

सहा आठवड्यांच्या शेवटी अक्का सरळ शिलाई, खिसा लावणं आणि बाजू जोडणं एवढं स्वच्छ करू लागल्या. कॉलर त्यांना जमत नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. फेब्रुवारीपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत त्या कारखान्यात नगावर काम करत होत्या, दुपारी दोन ते रात्री आठ. हंगामाच्या भरात आठवड्याची मजुरी विडीपेक्षा बरीच चांगली पडली. सकाळी पाचशे विड्या चालूच.

जुलैत काम उतरलं. कारखान्यात रोजच्या माणसांनाच पुरेल इतके नग राहिले. अक्का पुन्हा पूर्ण विडीवर आल्या. कार्ड चालू होतं, मुनिमांनी पान वाढवलं, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला. दिवाळीनंतर मालकीणबाईंनी स्वतः फोन करून पुढच्या हंगामाचं विचारलं.

आमच्या देणगीदाराने यावर विचारलं की मग रोजगार मिळाला असं लिहायचं की नाही लिहायचं? त्यांच्या अहवालाच्या नमुन्यात सलग तीन महिने नोकरी टिकली तरच यश धरलं जातं. हंगाम त्याहून जास्तच भरला, पण वर्षाच्या मध्याला पडताळणी झाली तेव्हा अक्का घरी विड्या वळत होत्या. आम्ही त्यांच्या नावापुढे "वर्षातून दोन कामं, दोन्ही स्वतःच्या निवडीने" असं लिहून दिलं आणि तो रकाना रिकामा सोडला. त्यावर बरीच पत्रापत्री झाली. आमच्या मते अक्कांचं जीवन आधीपेक्षा सुरक्षित झालं आहे. विडी आणखी आटली तर त्यांच्याकडे दुसरा हात आहे, शिलाई थंडावली तर पहिला.

बाकीच्या दोघींपैकी एक पूर्णवेळ कारखान्यात गेली. त्या कारखान्यात वीसपेक्षा जास्त कामगार आहेत, त्यामुळे तिचं निधीचं जुनं खातं पुढे चालू राहिलं. दुसरीला शिवण आली, पण सासूच्या आजारपणात घर सुटेना. ती पुढच्या हंगामात येईन म्हणते.

खोकल्यामुळे थांबलेल्या ताई काही महिन्यांनी ब्रँचसमोर आमच्याकडे आल्या, शाळेतल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकाचं काही असेल तर सांगा म्हणून. थांबल्यावर तोंड चुकवावं लागलं नाही, म्हणूनच त्या परत आल्या, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

वेगळं काय करता येईल

या प्रकरणाचा सर्वांत मोठा भार जिने उचलला तिचं नाव आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. दुपारी आई कारखान्यात गेल्यावर उरलेल्या विड्या धाकटी मुलगी पुऱ्या करत होती. परीक्षेआधीच्या महिन्यात तिच्या काही तासिका बुडाल्या. जिच्या शिष्यवृत्तीसाठी कार्ड सांभाळलं, तिच्याच अभ्यासाचा वेळ त्या कार्डाने खाल्ला. हे अक्कांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. पाचशेचा आकडा ठरवताना आम्ही अक्कांचे तास मोजले. घरातल्या सगळ्यांचे तास मोजले असते तर तीनशेवर थांबून उरलेली भरपाई वाढवता आली असती. आता पहिल्या बोलण्यातच विचारतो : तुम्ही बाहेर गेल्यावर हे काम कोण करणार?

नेत्रतपासणी पहिल्या आठवड्यात हवी, मशीनला हात लावायच्या आधी. चाळिशीपुढच्या प्रत्येकीसाठी, तक्रार असो वा नसो. मास्टरचं मत एकदा बनलं की ते बदलायला बाईला दुप्पट काम करून दाखवावं लागतं.

हंगामाचं गणितही आधी मांडायला हवं. फेब्रुवारीत मशीनवर बसायचं तर शिकणं दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं, आणि जुलैत काम उतरणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. अक्कांना ते ठाऊक होतं. पूर्णवेळ गेलेल्या बाईला तितकं स्पष्ट नव्हतं, आणि जुलैत तिला नगांची वाट बघत बसावं लागलं.

मुलाशी बोलणं आम्ही अक्कांवरच सोडलं होतं. ते बरोबर होतं असं आम्ही अजूनही मानतो. घरातला वाद बाहेरच्यांनी सोडवायला गेलं की बाईची जागा आणखी अवघड होते. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. कारखाना एकदा घरच्यांना आत नेऊन दाखवला असता तर दोन आठवडे आधी सुरुवात झाली असती, असं तो म्हणतो. पुढच्या गटात ज्या बायका हो म्हणतील त्यांच्या घरच्यांना बोलावणार आहोत, ज्या नाही म्हणतील त्यांच्या घरी निरोप जाणार नाही.

भरपाईचा पैसा देणगीतून आला, आणि देणगीवर चार बायका शिकतात, चारशे शिकत नाहीत. सरकारी प्रशिक्षणाच्या चौकटीत तीन बदल झाले तर हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकेल, असं आम्ही जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राला लेखी कळवलं आहे. आटत चाललेल्या उद्योगांतल्या कामगारांसाठी ४५ ची अट ५५ पर्यंत शिथिल व्हावी. अर्धवेळ, मालकाच्या जागेवरचं प्रशिक्षण मान्य व्हावं आणि त्या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई मिळावी. आणि विडी कामगार नवं काम शिकत असताना, ठरावीक मुदतीपर्यंत, तिचं कार्ड आणि मुलांची शिष्यवृत्ती चालू राहावी. तिसरा मुद्दा केंद्र सरकारच्या कामगार विभागाच्या हातात आहे, त्यामुळे त्याची प्रत तिकडेही पाठवली.

यंदा ब्रँचसमोरच्या बैठकीतून सात जणींनी नावं दिली आहेत. त्यांतल्या दोघी पन्नाशी उलटलेल्या. मालकीणबाई दोन मशीन द्यायला तयार आहेत, पण दुपारच्या पाळीला मास्टर म्हणून बाईच असावी अशी सातही जणींची अट आहे. पूर्णवेळ गेलेल्या त्या बाईंना मालकीणबाईंनी याबद्दल विचारलं आहे. नगावरची मजुरी सोडून शिकवण्याचा पगार किती मिळणार, यावर त्यांचं बोलणं अजून चालू आहे.